फिश फाइंडरचा सेन्सर बुडात की मागच्या फळीवर? उजनीतल्या होड्यांपुरतं बोला

भीमेचा_काठ
कालच्या पोस्टमध्ये लिहिलंय, 'फळीला भोक पाडू नका, सेन्सर आतून बुडाला चिकटवा, फायबरच्या सगळ्या होड्यांना चालतं.' 'सगळ्या' वाचून गप्प बसवेना. आपल्याकडच्या कितीतरी होड्यांचं बूड दुपदरी असतं, मध्ये थर्माकोल नाहीतर नुसती पोकळी. फिश फाइंडर सेन्सरमधून आवाजाची लहर खाली सोडून खोली आणि मासे दाखवतो, ती लहर हवेतून पार होत नाही आणि थर्माकोल म्हणजे हवाच. मग खोलीचा आकडा येतच नाही, आला तर दीड-दोन फुटांवर अडकून बसतो. बूड एकसंध फायबरचं असेल तरच आतून जमतं. तिथेही इपॉक्सीत बुडबुडे राहिले की लहर अर्धीमुर्धी जाते. पत्र्याच्या आणि लाकडी होडीला तर हा विचारच नको.

फळीवर लावायचा तर उजवीकडे, इंजिनच्या पंख्यापासून निदान १५ इंच लांब. बहुतेक पंखे मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखे फिरतात, पाती डावीकडे वर येतात आणि फेस तिकडे जास्त. सेन्सरचं तोंड फायबरच्या बुडाखाली ३ मिलिमीटर, पत्र्याच्या बुडाखाली १० मिलिमीटर. त्याच्या पुढे बुडावर पट्टी, रिबिट, स्क्रूचं डोकं काही नको. तिथून बुडबुड्यांची रेघ निघते आणि वेग घेतला की पडद्यावरचा तळ गायब.

फासजाळं_४५
ती पोस्ट माझीच. मोजमापं बरोबर आहेत, पण फासजाळं ओढणाऱ्या होडीचा विचार यात कुठेच नाही. फळीखाली ३ मिलिमीटर का होईना, काही बाहेर आलं की जाळ्याचा फास तिथेच अडकतो. जाळं फाटतं, ब्रॅकेट वाकतो, सेन्सर तिरका होतो आणि मग खोली चुकते. वरून जलपर्णी. काठाकाठाने गेलं की तिच्या मुळ्या सेन्सरला गुंडाळतात, दर वेळी इंजिन वर घेऊन हाताने काढायच्या. आतल्या सेन्सरला हे काहीच नाही.

भीमेचा_काठ
मग जाळं ज्या कडेने ओढता त्याच्या उलट कडेला लावा. डावीकडे लावायची पाळी आली तर पंख्यापासून आणखी लांब सरका. आतल्या सेन्सरला पाण्याचं तापमान कळत नाही, तो बुडाचं दाखवतो, हे पोस्टमध्ये का नाही लिहिलं? उन्हाळ्यात कटला मासा शोधताना पाण्याचं तापमानही उपयोगी पडतं.

टेंभुर्णी_वायरिंग
दोघेही जागेवरून भांडताय, पण निम्म्या तक्रारी वायरच्या असतात. सेन्सरची केबल बॅटरीच्या आणि स्टार्टरच्या वायरींबरोबर एकाच झिपटायमध्ये आवळली की पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस. उरलेली केबल कापायची नाही, वेटोळं करून इंजिनपासून दूर ठेवायची. पॉवर थेट बॅटरीवरून, मध्ये फ्यूज. आणि होकायंत्रासारखा दिशा दाखवणारा वेगळा सेन्सर असेल तर तो लोखंडी नांगर, स्पीकर, बॅटरी यांच्यापासून निदान एक मीटर लांब बसवा. डब्यात नांगर टाकला की दिशा फिरते आणि दोष कंपनीला.

कंदरचा_घाट
सेन्सर कुठेही लावा, उजनीत खोलीचा आकडा तारखेशिवाय फुकट आहे. धरण भरलं की पातळी ४९६.८३ मीटर, मृतसाठ्याची, म्हणजे वापराचं पाणी संपतं तिथली, ४९१.०३. मध्ये ५.८ मीटर. ऑक्टोबरमध्ये ७ मीटरवर दिसलेली, पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावाची भिंत मृतसाठ्याला सव्वा मीटरवर येते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्याच्याही खाली, उणे ५० टक्क्यांपलीकडे गेलं, तेव्हा अशा भिंती उघड्याच पडल्या. जीपीएसवर अशा जागेची खूण सेव्ह करताना नावातच त्या दिवशीची पातळी टाका, 'भिंत ७.० / ४९६.८' अशी. नाहीतर पुढच्या मे महिन्यात पंखा तिच्यावरच.

फासजाळं_४५
हे सेन्सरच्या जागेच्या धाग्यात कशाला?

कंदरचा_घाट
कारण जागेवरूनच आकडा बदलतो. पाण्याच्या रेषेखाली सेन्सर किती आहे तेवढं मशीनमध्ये भरल्याशिवाय खोली पाण्याच्या वरच्या पातळीपासून धरलीच जात नाही. मग पातळीचा हिशेब कशावर करणार? एका होडीत ते भरलेलं, दुसरीत नाही, आणि दोघे एकमेकांना खुणा देतात. जीपीएसचा अँटेना इंजिनच्या झाकणाखाली खुपसणारेही आहेत. त्याला उघडं आकाश लागतं, तेही उंच काठीवर नाही, काठी हलली की खूण हलते.

करमाळा_लाइन
खुणांवर एवढा जीव काढताय, लाइफ जॅकेटवर एक ओळ नाही. मे २०२४ मध्ये कळाशी-कुगाव फेरीची बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. फिश फाइंडर घ्यायला पैसे आहेत तर आधी माणशी एक जॅकेट घ्या.

कंदरचा_घाट
जॅकेटला नाही कोण म्हणतंय? पण अंधारात वारा सुटल्यावर काठाला परतायची वाटही त्याच खुणांवर सापडते. एकाने दुसरं रद्द होत नाही. उगाच आवाज चढवू नका.

भीमेचा_काठ
मूळ मुद्द्यावर या. चिकटवण्याआधी एक तपासणी करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती आतून बुडावर ठेवा, सेन्सर त्या पाण्यात तळाकडे तोंड करून धरा. पिशवीखालचं बूडही ओलं हवं, कोरडं राहिलं की मध्ये हवा. पडद्यावरची खोली लिहून घ्या. मग तोच सेन्सर कडेवरून पाण्यात धरून पुन्हा बघा. सेन्सरच्या उंचीचा फरक सोडून दोन्ही जुळले तर चिकटवा. पाचेक मीटर पाण्यात जुळून भागत नाही, धरणाच्या भिंतीजवळच्या खोल पाण्यात जाऊन करा, क्षीण लहर तिथेच उघडी पडते.

फासजाळं_४५
पिशवीची तपासणी मान्य. दुपदरी बुडाला आतून नको, तेही मान्य, पोस्टमधलं 'सगळ्या' काढतो. पण फासजाळ्याच्या होडीला फळीवर ब्रॅकेट लावा असं मी कुणालाही सांगणार नाही.

भीमेचा_काठ
नका सांगू. पण दुपदरी बुडाच्या फासजाळ्यावाल्याला फळीशिवाय दुसरा मार्ग नाही. त्याने धक्का बसला की वर उचलला जाणारा ब्रॅकेट घ्यावा, आणि तो थेट होडीला न ठोकता जाड प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवावा. पट्टीचे स्क्रू पाण्याच्या रेषेच्या वर, भोकात सीलंट. पुढे जागा चार बोटं सरकवायची झाली तर भोकं पट्टीला पडतील, होडीला नाही.