उपवासाच्या आड आजार लपतो का?

मृण्मयी_क: माझ्या मावसबहिणीचे सोमवार, गुरुवार, शनिवार उपवास. वर चतुर्थी, एकादशी. घरात सगळ्यांना कौतुक. ती फराळालाही शिवत नाही. रात्री सगळे झोपले की फरसाणाचा डबा, उरलेल्या पोळ्या, लाडू, पोट दुखेपर्यंत खाते. सकाळी पुन्हा "आज माझा उपवास". आपल्याकडे आग्रह मोडायला हे एकच कारण चालतं, पुढे कुणी काही विचारत नाही. माझं मत आहे की विचारायला हवं.

गोदाकाठ: काळजी समजते ताई, पण खापर उपवासावर का? आमच्या आजीने जन्मभर एकादशी केली. द्वादशीला वरणभात-तूप खाऊन मजेत सोडायची. उद्या पोरीने श्रावण पाळला तरी तिला डॉक्टरकडे न्यायचं का?

मृण्मयी_क: आजींना द्वादशीला जेवताना अपराधी वाटत नव्हतं. हिला राजगिऱ्याचा एक लाडू खाल्ला तरी रडू येतं.

सायली_आहारतज्ज्ञ: रात्रीचं ते खाणं म्हणजे हावरटपणा नव्हे, दिवसभराच्या उपाशीपणाचा परिणाम असू शकतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात संशोधक आन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. ते दिवसभर जेवणाचाच विचार करायचे, काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. प्रयोग संपल्यावरही काहींचं खाणं आवरेना, पोट भरलं तरी. म्हणून उपचारात आधी वेळेवर खाणं येतं: तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं काही, चार तासांहून जास्त पोट रिकामं नाही. वजनाचं नंतर बघायचं. असं ताबा सुटून खाणं आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. खाऊन मुद्दाम उलटी काढत असेल तर अजिबात थांबू नका.

गोदाकाठ: म्हणजे उपवास बंदच! तिची खरी श्रद्धा असली तर? तेवढा आधारही काढून घेणार?

सायली_आहारतज्ज्ञ: आजाऱ्याला उपवासातून सूट आपल्या परंपरेतच आहे. "बरी होईपर्यंत देवाला नुसता नमस्कार कर" म्हणून बघा. श्रद्धा असेल तर बहुधा पटेल. खाण्याचीच भीती असेल तर ती आणखी घाबरेल, आणि तेही कळायला हवंच.

गोदाकाठ: हे पटलं. पण ताटावर पहारा ठेवू नका. "किती खाल्लंस" विचारलंत की ती आणखी लपवेल.

मृण्मयी_क: मान्य. मावशीला सांगते, फरसाणाचा डबा लपवू नकोस, टोमणे मारू नकोस. डॉक्टरांकडे मी सोबत जाईन. नाशिकमध्ये कुणी चांगले मानसोपचारतज्ज्ञ माहीत असतील तर कळवा.