थर्मल पेस्ट : प्रत्यक्ष मोजल्यावर किती फरक दिसला?

घरच्या संगणकाचा प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा कूलर यांच्यामध्ये लावायची थर्मल पेस्ट कोणती घ्यावी, हा प्रश्न निघाला की उत्तर म्हणून बहुधा वेष्टनावर छापलेल्या उष्णतावाहकतेच्या आकड्यांची तुलना पुढे केली जाते. तो आकडा वापरात किती अंशांचा फरक पाडतो, हे ज्यांनी मोजून पाहिले आहे त्यांच्याकडून ऐकावे यासाठी हा धागा आहे. लिहिताना प्रोसेसर, कूलर आणि खोलीचे तापमान अवश्य नमूद करावे. नुसते ‘७२ अंश आले’ यावरून काहीच ठरत नाही, कारण खोली पाच अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच वर सरकतो.

सुरुवात मीच करतो. माझ्याकडे रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर आणि त्यावर दोन पंख्यांचा टॉवर कूलर आहे. नोक्टुआ एनटी-एच१, आर्क्टिक एमएक्स-४ आणि कूलरच्या खोक्यात आलेली बिननावाची करडी पेस्ट, अशा तिन्ही पेस्ट त्याच कूलरखाली लावून, पंख्यांचा वेग कायम ठेवून आणि सर्व कोर पूर्ण भाराखाली चालवून पाहिल्या. पहिल्या दोहोंत मला एका अंशाचाही फरक दाखवता आला नाही. बिननावाची त्यांच्याहून जेमतेम दोन अंश वर राहिली. मात्र एमएक्स-४ पुसून तीच पुन्हा लावली, तेव्हा तिच्या स्वतःच्याच दोन मोजण्यांत सुमारे एका अंशाचे अंतर पडले. एकच पेस्ट स्वतःशी इतकीशी जुळत असेल, तर दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवरून लावलेल्या क्रमवाऱ्यांवर विश्वास ठेवणे मला जड जाते.

उष्मागती

वरच्या अनुभवामागचे गणित सोपे आहे, म्हणून ते येथे मांडते. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, तांब्याची सुमारे ४००, आणि चांगल्या पेस्टची छापील वाहकता साधारण ४ ते १४. म्हणजे तांब्याच्या मानाने पेस्ट ही अगदीच सामान्य वाहक आहे. प्रोसेसरचे झाकण आणि कूलरचा तळ यांच्या पृष्ठभागांवरील सूक्ष्म खळग्यांतली हवा हटवणे, एवढ्यासाठीच ती असते.

समजा, थर ५० मायक्रॉनचा आहे, झाकणाचे क्षेत्रफळ ९ चौरस सेंटिमीटर आहे आणि १०० वॅट उष्णता त्यातून जात आहे. वाहकता ४ असेल तर थराच्या दोन बाजूंच्या तापमानांत सुमारे १.४ अंशांचा फरक पडतो, ८ असेल तर ०.७ अंशांचा. त्याच फटीत केवळ हवा असती तर हाच हिशेब दोनशे अंशांपलीकडे जातो. प्रत्यक्षात उष्णता झाकणभर सारखी पसरत नाही, ती डायच्या (झाकणाखालच्या सिलिकॉनच्या चिपच्या) वरच्या भागात एकवटते, त्यामुळे फरक याहून थोडा मोठा दिसतो. परंतु एक मुद्दा तसाच राहतो. थर ५० ऐवजी १०० मायक्रॉनचा झाला, तर दुप्पट वाहकतेची पेस्ट घेतल्याचा सगळा लाभ तिथेच संपतो. म्हणून स्क्रू तिरक्या क्रमाने, थोडे थोडे आणि सारख्या दाबाने आवळणे हे मी पेस्टच्या निवडीहून महत्त्वाचे मानते.

मांडीवरचा_तवा

हे गणित डेस्कटॉपला लागू पडते. लॅपटॉपची गोष्ट वेगळी आहे आणि तुलना खरी तिथेच व्हायला हवी. लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवर झाकण नसते, कूलरचा तांब्याचा तळ थेट सिलिकॉनच्या डायवर बसतो, आणि सगळी उष्णता दीड-दोन चौरस सेंटिमीटरमधून बाहेर पडते.

मी एका नावाजलेल्या कंपनीची, लावायला अतिशय मऊ अशी पेस्ट वापरली होती. पहिल्या आठवड्यात तापमान उत्तम होते. नंतर ते हळूहळू चढत गेले, आणि काही महिन्यांनी तर मूळच्या पेस्टपेक्षाही वाईट झाले. कूलर उचलून पाहिला तेव्हा डायचा मधला भाग जवळजवळ उघडा पडून चकाकत होता आणि चारही कडांना पेस्टचा करडा बांध साचलेला होता. डाय तापते-निवते तसे दोन्ही पृष्ठभाग वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावतात आणि पातळ पेस्ट कडेला ढकलली जाते. याला ‘पंप-आउट’ म्हणतात. पेस्ट वाळली असेल हा माझा तर्क होता, पण बोटाला ती मऊच लागली.

त्यानंतर हनीवेलचे पीटीएम७९५० हे अवस्थांतर करणारे पॅड लावले. ते साधारण ४५ अंशांना मऊ होते आणि दाबाखाली अगदी पातळ पसरते. पहिल्या दिवशीचे वाचन निराशाजनक होते. यंत्र चांगले तापवून निवू दिल्यावर, असे काही वेळा केल्यावर, ते खाली आले आणि तिथेच टिकले आहे. ताज्या पेस्टच्या सर्वोत्तम वाचनाइतके ते नाही. तरीही लॅपटॉपसाठी मी आता टिकाऊपणाच पाहीन. पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर आधारलेल्या तुलना मला निरुपयोगी वाटतात.

झाकणाखाली

माझा कोअर आय७-४७७०के जुना झाल्यावर फार तापू लागला. वरची पेस्ट बदलली, ती बदलून दुसरी लावली, तापमान ढिम्म. इंटेलने २०१२च्या आयव्ही ब्रिज पिढीपासून काही वर्षे या वर्गातील प्रोसेसरांच्या झाकणाखालीही सोल्डरऐवजी (वितळवून जोडलेल्या धातूऐवजी) पेस्टच वापरली होती, हे त्यानंतर वाचनात आले. अडथळा आतल्या थरात असेल तर बाहेर काहीही लावले तरी फरक दिसणार नाही. झाकण उघडण्याचे धाडस मी केले नाही.

पारदर्शी

द्रवधातूबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. गॅलियमचे हे मिश्रण उष्णता वाहण्यात कोणत्याही पेस्टच्या पुढे आहे, आणि सोनीने प्लेस्टेशन ५ मध्येही ते वापरले आहे. मी ते निकेलचा मुलामा असलेल्या तळाखाली लावले असून समाधानी आहे. मात्र ते विद्युतवाहक असल्याने डायभोवतीचे छोटे विद्युत घटक झाकून घ्यावे लागतात, आणि ॲल्युमिनियमच्या तळाला तर ते लावूच नये, कारण गॅलियम त्या धातूत शिरून त्याला ठिसूळ करते.

चालू_घड्याळ

रायझन ७००० मालिकेवर मोजणाऱ्यांसाठी एक सूचना. यातील अधिक वॅटचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्याच्या बेतानेच बनवले आहेत. थंडावा वाढला तर ते तापमान कमी करण्याऐवजी वेग वाढवतात. माझ्या ७९००एक्सवर पेस्ट बदलण्यापूर्वी ९५ होते आणि बदलल्यावरही ९५च आले. सर्व कोरांचा वेग मात्र किंचित वाढलेला दिसला. अशा प्रोसेसरवरील तुलना लिहिताना वेग आणि वॅट द्यावेत, किंवा बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वॅटची मर्यादा घालून मगच तापमान मोजावे.

उष्मागती

ही सूचना योग्य आहे. मर्यादा घालताना ती इतकी खाली ठेवावी की कोणत्याच पेस्टखाली प्रोसेसर ९५ला टेकणार नाही. एका जरी पेस्टखाली तो टेकला तरी त्या फेरीतील वाचने एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.