धनुर्मासात घराचा व्यवहार: आई 'नको' म्हणते, गिऱ्हाईक 'आत्ताच' म्हणतंय

हडपसरचा_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमचं रो-हाऊस आहे, बाबांनी १९९६ साली बांधलेलं. ते गेल्यावर आई दोन वर्षं एकटीच राहिली. आता कुठे माझ्याकडे पुण्याला यायला तयार झालीय. हे विकायचं, थोडी भर घालून हडपसरला टू बीएचके घ्यायचा, असा बेत आहे.

दिवाळीला रंग काढला आणि एजंटाच्या कानावर घातलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवरा-बायको, दोघंही शिक्षक, मूळचे अक्कलकोट तालुक्यातले, घर बघून गेले. ५८ लाखांवर बोलणं आलंय. ते म्हणतात, इसार (ठरल्याची आगाऊ रक्कम) याच आठवड्यात घ्या. आई म्हणते, धनुर्मास लागतोय, काठ्या झाल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही. (पुणेकरांसाठी: काठ्या म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज.) एजंट म्हणतो, हातचं गिऱ्हाईक घालवू नका. त्याचं कमिशन आहे, तो दुसरं काय म्हणणार!

दुसरी अडचण सांगायला लाज वाटते. जिन्याखालच्या भिंतीला तडा आहे. काळ्या मातीतलं घर, पावसाळ्यात तडा मिटतो आणि मार्चनंतर पुन्हा उघडतो. मी पाचवीत असताना त्यात दहा पैशांचं नाणं सरकवलं होतं, ते आत पडलं ते अजून तिथंच आहे. यंदा रंगाऱ्यानं पुट्टी भरून असा झाकला की मलाही जागा सापडेना. पाहुण्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही.

पाण्याचं मात्र विचारलं. मी म्हटलं, चार दिवसाआड. आई मागून चहा घेऊन येता येता म्हणाली, "उन्हाळ्यात पाच-सहा दिवस धरा." मी तिच्याकडे असं बघितलं की बिचारी आत निघून गेली.

तर, थांबू का? आणि तड्याचं सांगू का?

निवृत्त_कर्जविभाग

मुहूर्ताचं आधी. धनुर्मासात लग्न, वास्तुशांत, गृहप्रवेश टाळतात. इसारपावतीला कुणी मुहूर्त पाहत नाही, पण आईंशी वाद घालू नका. हा महिना तुम्हाला असाही लागणारच आहे. वडील गेल्यावर प्रॉपर्टी कार्डाला वारसांची नावं लागली का? बहीण असेल तर तिची सही किंवा नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागेल. महापालिकेचा मिळकतकर भरल्याची पावती, बांधकाम परवाना, जुनं खरेदीखत, सगळं एका फायलीत लावा. गिऱ्हाइकाची बँक ३० वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) मागेल. वारसनोंद अडकली म्हणून संक्रांतीचं ठरलेलं खरेदीखत पाडव्यापर्यंत लोंबकळलेलं मी नोकरीत कितीदा पाहिलंय.

खरी घाई ३१ मार्चची. रेडी रेकनरचे (सरकारी मूल्याच्या तक्त्याचे) नवे दर लागले तर १ एप्रिलपासून लागतात, आणि मुद्रांक शुल्क करारातली किंमत किंवा सरकारी मूल्य यांत जे जास्त त्यावर बसतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये सोलापूर महापालिका हद्दीत १०.१७ टक्के वाढ झाली, राज्यात सगळ्यात जास्त. शुल्क भरून दस्तावर सह्या झाल्या की नोंदणीला चार महिने मिळतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. २०२० च्या डिसेंबरात शुल्क दोन टक्के होतं, तेव्हा लोकांनी ३१ तारखेच्या आत पैसे भरून टाकले आणि नोंदणी सावकाश उरकली. घर बाईंच्या एकटीच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे त्या शिक्षकांना सांगा. ५८ लाखांवर तेवढे तरी वाचतील. नोंदणी फी ३० हजारांच्या वर जात नाही.

रक्कम ५० लाखांच्या वर आहे, म्हणजे घर घेणाऱ्यानं एक टक्का टीडीएस (तुमच्या नावे भरायचा आयकर) कापायचा. आणि "इतके चेकनं, इतके हातात" असं कुणी म्हटलं तर तिथंच उठा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, तोही पैसे घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला.

घर २००१ च्या आधीचं आहे, त्यामुळे भांडवली नफ्याचा हिशेब १ एप्रिल २००१ च्या बाजारमूल्यावरून करता येतो. सीएला आताच भेटा, खरेदीखतानंतर नको. हडपसरचा फ्लॅट दोन वर्षांच्या आत घेतलात तर कर वाचेल.

विजापूर_रोडची_ताई

तड्याचं मी सांगते, कारण मी घेणाऱ्यांच्या बाजूला होते.

आम्ही जानेवारीत, भर दुपारी, वरच्या मजल्यावरचा फ्लॅट बघितला. अंगात स्वेटर, पश्चिमेच्या खिडकीतून कोवळं ऊन. आमचे यजमान म्हणाले, किती छान उजेड! एप्रिलमध्ये त्याच भिंतीला रात्री दहा वाजता पाठ टेकली तर तापलेल्या तव्याला टेकल्यासारखं झालं. इथं पारा बेचाळीसच्या वर जातो, स्लॅब पहाटेपर्यंत गार होत नाही. बोअर जानेवारीत भरपूर होतं, मे महिन्यात नुसती हवा. ज्यांनी विकलं ते आता रस्त्यात दिसले तरी मी वळून बघत नाही.

थंडीत सोलापूरचं कुठलंही घर देखणं दिसतं. दिवाळीचा रंग ताजा, पावसाची ओल वाळलेली, ऊन हवंहवंसं. बघणाऱ्यांनी उन्हाळ्याचं विचारायचं असतं, आम्ही विचारलं नाही. तुमच्या आईंनी न विचारताच सांगितलं. त्यांच्याकडे बघून डोळे वटारलेत, ते काही बरं केलं नाही भाऊ.

बाळ्याचा_गडी

का बे भाऊ, घाई कशाला? गड्ड्याची जत्रा होऊ दे की. भोगीला अक्षता पडल्या, होम झाला, की आईच म्हणतील चला. आणि यात्रेच्या आठवड्यात होम मैदानाकडून कुणाला घर दाखवायला नेऊ नको, गर्दीत गाडी हलत नाही, माणूस वैतागून निम्म्यातूनच परत जातंय. त्यापेक्षा रविवारी त्या मास्तरला हुरड्याला ने. शेंगा चटणीसोबत कवळा हुरडा पोटात गेला की माणूस खरं बोलतंय, समोरचा पण आणि आपण पण.

हडपसरचा_सोलापूरकर

सगळ्यांचे आभार, ताईंचे जास्त. परवा सुट्टी काढून आलो. वारसनोंद झालीच नव्हती, तो अर्ज दिला. बहीण सांगलीहून संक्रांतीला येतेय.

मास्तरांना बोलावलं. पुट्टी खरवडून तडा दाखवला, नाण्याचंही सांगितलं. ते वाकून बराच वेळ बघत राहिले, पेनाचं टोक आत घालून बघितलं, मग म्हणाले, इंजिनिअरला दाखवतो, वरवरचा असेल तर दीड लाख कमी करा. मी लाखावर आणलं. ते 'बघू' म्हणाले.

मग त्यांनी आईलाच विचारलं, पाण्याचं खरं काय. आईनं स्वयंपाकघरातल्या दाराआडच्या खिळ्यावरून कालनिर्णयांचा गठ्ठा काढला. गेल्या पाच वर्षांचे. नळ आला त्या प्रत्येक तारखेला निळ्या बॉलपेनानं बारीक टिंब, हौद भरला नाही त्या दिवशी टिंबाभोवती गोल. हे ती करते हे मला ठाऊकच नव्हतं. मास्तरांच्या बायकोनं सगळी वर्षं बाजूला ठेवली आणि फक्त मे महिन्याची पानं एकेक उलटत बसली. बोटानं दिवस मोजत होती. मग विचारलं, "हौद किती लिटरचा?" आई म्हणाली, "पाच हजार. दोघांना पुरतो, पाहुणे आले की नाही पुरत."

इसार संक्रांतीनंतरच्या गुरुवारी ठरलाय. जाताना त्या बाईंनी कॅलेंडरं मागितली, आई म्हणाली खरेदीखताच्या दिवशी देते.