दोन एकर थॉमसन द्राक्षं, युरोपला पाठवायची आहेत. सुरुवात कुठून करू?

दिंडोरीकर: नमस्कार मंडळी. वडिलांनी लावलेली दोन एकर थॉमसन आहे. माल आजवर शिवार सौद्यानेच, म्हणजे बागेतच व्यापाऱ्याला, गेला. गेल्या हंगामात गावातल्या दोघांनी एक्स्पोर्ट केला, किलोमागे बरा फरक पडला म्हणतात. पुढच्या महिन्यात गोडी छाटणी (फळासाठीची) आहे. ती झाली की प्लॉटची नोंदणी करायची, एवढंच ऐकलंय. अजून काय लागतं?

निफाडचा बागायतदार: नोंदणी कृषी खात्याकडे होते, प्लॉट ग्रेपनेटवर, म्हणजे एक्स्पोर्टच्या द्राक्षबागांच्या ऑनलाइन नोंदीत, चढतो, ते अवघड नाही. पण भाऊ, एक्स्पोर्टचा माल एप्रिलमध्येच ठरतो. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसी, म्हणजे वाढ रोखायचं औषध, सापडलं. माझाही माल त्यात होता. घडावर आम्ही ते मारलंच नव्हतं! एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडा थांबावा, काडीत घड तयार व्हावा म्हणून मारलेलं. ते वेलीत राहिलं आणि मण्यात उतरलं. एक्स्पोर्टरने हात वर केले, माझे पैसे दोन वर्षं अडकले. तेव्हापासून फवारणीची वही बायको लिहिते. माझं अक्षर मलाच लागत नाही. तर आधी सांगा, खरडीला काय मारलंय?

पॅकहाउसवाला: तोडणीचंही बघा. सकाळी गारव्यात तोडायचं, माल उन्हात ठेवायचा नाही, लगेच प्रीकूलिंगला, म्हणजे थंड करायला. घडाला हात न लावता देठाला धरून कात्री, नाहीतर मण्यावरची पांढुरकी लव पुसली जाते. पेटीत बुरशी येऊ नये म्हणून सल्फरचा पेपर असतोच, पण तांबड्या समुद्रात गडबड झाल्यापासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली. जादा दिवसांत देठ सुकला की तिकडे भाव पडतो.

दिंडोरीकर: वडिलांना विचारलं. सीसीसी मारलंय म्हणे, किती ते आठवत नाही. वही नाही. अर्धा डबा अजून शेडमध्ये आहे.

निफाडचा बागायतदार: मग यंदा लोकललाच द्या. काढणीआधी स्वतःच्या पैशाने एक नमुना तपासून घ्या, वेलीत किती उरलंय ते कळेल. लॅबचा माणूस बागेत येऊन घड स्वतः कापून नेतो. त्याला चांगल्या ओळीतच फिरवू नका, कडेच्या ओळीतलेही घड जाऊ द्या. शेजाऱ्याच्या फवाऱ्याचे तुषार तिथंच पडतात. आणि तो डबा एप्रिलच्या आत शेडमधून हलवा, वडिलांना न विचारता.