सध्या अख्खा ऐकावा असा कुठला अल्बम चालू आहे तुमच्याकडे? (सुटं गाणं नको)

गणपतीपेठवाला (सांगली)

मंडळी, एक सरळ प्रश्न. सध्या तुमच्याकडे कुठला अल्बम चालू आहे? सुटं गाणं नको, प्लेलिस्ट तर अजिबात नको, पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत लावून ठेवता असा अख्खा अल्बम सांगा. आणि नुसतं नाव टाकून पळू नका, का आवडतोय ते दोन ओळी तरी लिहा.

माझं सांगतो. मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब बघतो, सीझनला कान पार किटून जातात सौद्यांच्या आरडाओरड्यानं, त्यामुळे संध्याकाळी घरी आलो की गाण्यात शब्दच नकोसे वाटतात. म्हणून सध्या 'कॉल ऑफ द व्हॅली' चालू आहे. १९६७ चा. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार, तिघंही तेव्हा तिशीच्या आसपासचे, आणि तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस अशी कल्पना आहे, म्हणून सकाळी अहिरभैरव, नटभैरव, मग पिलू, आणि दुसऱ्या बाजूला भूप, देस करत करत पहाडीवर संपतो. म्हणजे रागांच्या वेळेचंच गोष्टीसारखं काम करून घेतलंय. आता ह्यात आमच्या ॲपनं काय केलं तर शफल आपोआप चालू, पहिल्यांदा पहाडी आणि मग अहिरभैरव, म्हणजे मेंढपाळ रात्री उठला आणि सकाळी झोपला!! नाईट शिफ्टला होता म्हणायचं.

नवीन सीडीत आणि ॲपवर शेवटी काही जादा ट्रॅक जोडलेत, ते मी ऐकत नाही, पहाडी झाली की बंद. चला, तुमचं येऊ द्या.

राजवाडा_चौपाटी (सातारा)

भावा लय दिवसांनी कुणीतरी कामाचं विचारलं. माझ्याकडं इंडियन ओशन ह्या बँडचा 'कंदिसा' चालू हाय, २००० सालचा. सोमवारी पहाटं पुण्याला जातो कामाला, सातारा सोडलं की लावायचा, खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत बराचसा संपत येतो, ट्रॅफिक असलं तर दुसऱ्यांदा पण सुरू होतो ते वेगळं.

काय आवडतं सांगू का, ह्या लोकांना कुठं पोचायची घाई नाही. सुस्मित सेनची गिटार सतारीसारखी एकेक सूर चाचपत येते, असीम चक्रवर्ती तबला वाजवत वाजवत गायचा (तो गेला २००९ ला, तेव्हा वाटलं संपलं आता), राहुल रामचा बेस खालनं ढकलत असतो आणि अमित किलमचे ड्रम्स. शीर्षकगीत केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना हाय, एक शब्द कळत नाही, तरी गाडीत मी मोठ्यानं म्हणतो. आणि 'मा रेवा' म्हणजे नर्मदा, राहुल राम स्वतः नर्मदा आंदोलनात होता, तिथनं उचललेलं गाणं. आपण कृष्णाकाठची माणसं, नदीवरचं गाणं म्हटलं की आपलं काळीज तसंपण लगेच पाघळतं.

ब्लूटूथ स्पीकरवर नका ऐकू, बेस सगळा गिळून टाकतात ते. गाडीत नाहीतर बऱ्या हेडफोनवर.

जवारीवाला (मिरज)

गणपतीपेठवाले, तुम्ही तिन्ही वाद्यं ऐकली, तंबोरा ऐकला का? कुणीच ऐकत नाही. आमचं पोट त्याच्यावर आहे म्हणून बोलतो 😄 सतारमेकर गल्लीत बसतो मी, तंतुवाद्याच्या दुकानात.

माझ्याकडे सध्या कुमार गंधर्वांचा 'निर्गुण के गुण' आहे. टीबीच्या आजारात कुमारजी देवासला जाऊन राहिले, बरीच वर्षं गाणं बंद, पडल्या पडल्या रस्त्यावरनं जाणाऱ्या नाथपंथी भिक्षेकऱ्यांची भजनं कानावर पडायची, तिथनं हे सगळं आलं. पण मी सांगतोय ते वेगळं. कुमारजी तंबोऱ्याच्या बाबतीत फार कडक, त्यांच्या गाण्याच्या मागं तंबोरा नुसता घूंऽ करत नाही, त्यातनं गंधार (सारेगमतला ग) ऐकू येतो. जो कुणी छेडतच नाही! चार तारा असतात, पहिली पंचमात, मधली जोडी षड्जात आणि शेवटचा खर्ज. गंधाराची तार कुठंच नाही. तो जवारीतनं येतो, म्हणजे घोडीवर (तारा टेकतात ती पट्टी) तार जशी टेकते त्यातनं. घोडीवर तारेखाली एक सुती दोरा सरकवतात, त्याला आम्ही जीवा म्हणतो, तो केसभर पुढं-मागं करत राहायचं, आवाज बसका असतो, बसका असतो, आणि एका जागी आला की तार एकदम उघडते, आतले सगळे सूर बाहेर. जीव जातो त्या एका जागेसाठी. आणि पावसाळा लागला की परत ये रे माझ्या मागल्या. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात, वाळवून ठेवायचे, मग कुठं दांडी बसते. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पेपरात फोटो बिटो आले, पण गिऱ्हाईक अजून ॲपवरचाच तंबोरा लावतंय, असो.

तर करायचं असं. हेडफोन लावा, पहिली पाच मिनिटं कुमारजींकडं लक्षच द्यायचं नाही, फक्त मागचा तंबोरा ऐकायचा. मग आवाज त्याच्यात कुठं जाऊन बसतोय ते बघा.

दुसरं म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांचं संकलन. हे काय अल्बम म्हणून केलेलं नाही, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्या नंतर एकत्र केल्या. पण मिरजेत राहून खाँसाहेब ऐकले नाहीत असं चालत नाही. दर्ग्याच्या उरुसाला अजून त्यांच्या नावानं गाणं होतं, १९३७ ला गेले, इथंच दफन आहेत. झिंझोटीतली ठुमरी लावा. खरखर आहे, असू द्या, मिनिटभरात कान खरखर बाजूला काढतो.

बॅकबेंचर_विश्रामबाग

सगळे एकदम पंडित लेव्हलला गेले राव 😭 मी इंजिनिअरिंगचा, सबमिशन चालू आहेत, खरं सांगू का अल्बम वगैरे कुणी ऐकत नाही आता, एक गाणं रील्समध्ये येतं, आठ दिवस चालतं, गेलं. आणि त्यात वाईट काय आहे तेपण कळत नाही मला, नव्वद टक्के अल्बममध्ये दोन गाणी चांगली आणि बाकी भरती असते. बाबांच्या कॅसेट बघितल्यात मी, बी साईड तर नवीकोरी दिसते.

तरीपण सांगायचाच तर 'सैराट'. हसू नका. २०१६ ला मी शाळेत होतो, लग्नात वरातीत गणपतीत झिंगाट ऐकून ऐकून वीट आला होता, आता परत हेडफोनवर ऐकला आणि डोकं फिरलं. चारच गाणी आहेत म्हणजे भरती नाहीच. अजय-अतुलनी ऑर्केस्ट्रा हॉलिवूडला जाऊन रेकॉर्ड केलाय. 'याड लागलं' च्या सुरवातीला व्हायोलिनं कशी थराथरानं चढत जातात ते वरातीच्या डीजेवर कधी कळलंच नव्हतं, तिथं फक्त खिडक्या वाजायच्या. आणि एवढा साहेबी वाद्यवृंद मागं असून गाणारा बोलतो सोलापूरकडच्या पोरासारखाच, ते मला जाम आवडतं.

बाय द वे जॅझ कुठनं सुरू करायचं? हॉस्टेलवरचा एकजण सारखा भाव खातो जॅझ ऐकतो म्हणून.

कूपवाड_थर्ड_शिफ्ट

बॅकबेंचर, तुझ्यासाठीच आलो. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' लाव, १९५९. आणि हे जवारीवाल्या दादांना पण आवडेल, थांबा सांगतो का.

त्याच्या आधीच्या जॅझमध्ये कॉर्ड (एकत्र वाजवलेले तीन-चार सूर) पटापट बदलायच्या, वाजवणारा त्यांच्या मागं पळत सुटायचा. ह्यानं काय केलं, कॉर्ड जवळपास थांबवल्या आणि म्हणाला ही सुरावट घ्या, हिच्यात फिरा. आपल्याकडं रागाचा विस्तार करतात त्याच्या जवळ जाणारी गोष्ट आहे, तंतोतंत तशीच नाही, पण आपल्या कानाला परकं वाटत नाही. बाकीच्या वादकांना फारसं आधी दाखवलं नव्हतं, स्टुडिओत आल्यावर नुसते आराखडे हातात दिले, दोन दिवसांत पाचही ट्रॅक खलास. सॅक्सवर कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बहुतेक ठिकाणी बिल इव्हान्स. पहिल्याच 'सो व्हॉट' मध्ये बेस काहीतरी विचारतो आणि बाकीचे दोनच सुरात उत्तर देतात, तेवढं पकडलंस की पुढं आपोआप जाशील. कोल्ट्रेन नंतर रविशंकरांच्या एवढा नादी लागला की पोराचं नाव रवी ठेवलं, तो रवी पण सॅक्सच वाजवतो.

आता दादांसाठीची गोष्ट. पहिल्या दिवशी स्टुडिओतलं टेप मशीन किंचित हळू चालत होतं, त्यामुळे रेकॉर्ड वाजवली की पहिली तीन गाणी थोडी चढी ऐकू यायची. जगानं तीसेक वर्षं ती तशीच चढ्या सुरात ऐकली, ९० च्या दशकात नव्यानं काढताना सरळ केली!

आमच्याकडं मशीन शॉपला थर्ड शिफ्ट सुटली की कानात तासभर शिट्टी वाजत असते, तेव्हा बाकी काही लावलं तर डोकं उठतं, हे एवढंच चालतं. चहाच्या गाड्यावर एक इयरबड कानात आणि एक दोस्ताला. तो म्हणतो लिफ्टमधलं म्युझिक आहे. कुणीकुणी नसतंच आपलं.

वाचनवेडी_काकू (सांगली)

मुलांनो, वाचतेय सगळं. बॅकबेंचर बाळा, भरती म्हणालास म्हणून लिहिते. छप्पन्न गाणी आणि एक भरतीचं नाही असंही आहे बरं का, गीतरामायण. १९५५ च्या एक एप्रिलला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, दर आठवड्याला एक नवं गाणं, वर्षभर. अधिक महिना होता त्या वर्षी म्हणून छप्पन्न झाली. रेडिओवर तेव्हा वेगवेगळे गायक होते, माणिकताई वर्मा, वसंतराव देशपांडे असे, पुढे रेकॉर्ड निघाल्या त्यात सगळी बाबूजींनीच, म्हणजे सुधीर फडक्यांनी गायली. आणि ही गाणी लिहिणारे गदिमा आपल्या आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले, माडगूळ त्यांचं गाव, हे सांगली जिल्ह्यातल्या पोरांना पाठ पाहिजे.

मी निवृत्त झाल्यापासून रोज तिन्हीसांजेला दोन गाणी लावते, ओळीनं, पुढे पळवायचं नाही. एक सांगते, सगळे पहिलं आणि शेवटचं ऐकतात, मधे अरण्यात आणि किष्किंधेत कुणी जात नाही. तिथेच खरी गंमत आहे, दर गाण्याला बोलणारं माणूस बदलतं, कधी कैकेयीवर चिडलेला भरत, कधी शूर्पणखा, आणि चाल त्या माणसाच्या स्वभावाची. चालींत बाबूजींनी रागांचा आधार घेतलाय, पण तानांचं प्रदर्शन कुठेही नाही, शब्द स्वच्छ. हल्लीच्या गायकांचे शब्द मला कळत नाहीत, वय झालं असेल माझं किंवा ते नीट म्हणत नसतील, मला दुसरंच वाटतं.

कूपवाडवाल्याचं ते जॅझ लावून बघितलं आत्ता. तुतारी जरा बरी वाटली.

कूपवाड_थर्ड_शिफ्ट

काकू 🙏🙏 ट्रम्पेट ते. पण चालतंय, माइल्सला तुतारी म्हणणाऱ्या पहिल्या तुम्हीच.

बॅकबेंचर_विश्रामबाग

सो व्हॉट ऐकलं. बेसनं विचारलं की मी पण मनात "मग काय" म्हणतोय आता 😂 वायव्हाला कामाला येईल. काकू, शूर्पणखेचं गाणं खरंच आहे?? लावतो.

राजवाडा_चौपाटी (सातारा)

जॅझ आणि राग म्हणताय तर मधलं एक राहिलं की, 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा (गिटारीतनंच केलेलं वाद्य) आणि राय कूडरची स्लाइड गिटार, १९९३. दोघं पहिल्यांदा भेटले आणि तासाभराच्या आत रेकॉर्डिंगला बसले, तेपण कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमधी. चारच ट्रॅक. त्याला ग्रॅमी मिळालं. एकानं वाक्य टाकायचं, दुसऱ्यानं ते उचलून पुढं न्यायचं, कुणी कुणाला दाबत नाही. कूडरचा पोरगा पण आहे त्यात तालवाद्याला, तेव्हा शाळकरी वयाचा.

गणपतीपेठवाला (सांगली)

अरे वा, एवढं येईल वाटलं नव्हतं. जवारीवाले, तुम्ही म्हणाला तसं पाच मिनिटं नुसता तंबोरा ऐकला, गंधाराचं मला शपथेवर सांगता येणार नाही पण काहीतरी वरचं चमकत होतं मधूनच, आणि मग कुमारजींचा आवाज आला तो कुठनं तरी बाहेरून आल्यासारखा वाटलाच नाही. आता कॉल ऑफ द व्हॅली परत पहिल्यापासून लावणार, त्याच कानानं.

बॅकबेंचर, बी साईड नवीकोरी असते ते खरं आहे, पण पहाडी बी साईडलाच आहे बघ.

आणि दादा एक विचारायचं होतं, आमच्या आत्याचा जुना तंबोरा माळ्यावर आहे, बायकी जोडीतला एक, तारा गंजल्यात, भोपळ्याला बारीक चीर दिसतेय. दुरुस्त होईल का शोभेलाच ठेवायचा?

जवारीवाला (मिरज)

चीर आरपार नसेल तर होतोय. आधी खुंट्या सैल करून तारांचा ताण सगळा उतरवा, आहे तसा उचलून आणू नका. एसटीत वरच्या रॅकवर तर अजिबात नको, गोधडीत गुंडाळून मांडीवर आडवा धरून आणा, भोपळा आपल्याकडं. चीर बघितल्याशिवाय पैसे सांगत नाही. आणि येण्याआधी दुकानात असेन का तेवढं विचारा, उरुसाच्या दिवसांत बाहेरगावचे गवई येतात, तेव्हा मान वर करायला सवड नसते.