फर्नांडो सांतोस: २०१६ चा युरो त्यांनी जिंकून दिला की नशिबाने मिळाला?

मधली_फळी

२०१६ च्या युरोचा, म्हणजे युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: पोर्तुगालने नव्वद मिनिटांत एकच सामना जिंकला आणि तरी कप उचलला. वाक्य खरं आहे. आइसलँडशी १-१, ऑस्ट्रियाशी ०-०, हंगेरीशी ३-३, मग क्रोएशियावर जादा वेळेत १-०, पोलंडवर पेनल्टींवर मात, आणि फ्रान्सविरुद्धची फायनलही जादा वेळेत. नव्वद मिनिटांत निकाल लागला तो फक्त वेल्सविरुद्ध, २-०. पण त्यावरून "नशीब" असा जो निष्कर्ष काढला जातो तो मला अजिबात पटत नाही. पोर्तुगालचे तेव्हाचे प्रशिक्षक फर्नांडो सांतोस या माणसावर त्यात अन्याय होतो.

सप्टेंबर २०१४ मध्ये पोर्तुगाल घरच्या मैदानावर अल्बानियाकडून ०-१ हरला. प्रशिक्षक पाउलो बेंतो गेले, सांतोस आले. पात्रता फेरीचे उरलेले सातही सामने त्यांनी जिंकले, आणि सातही फक्त एका गोलच्या फरकाने. डेन्मार्क, अल्बानिया, सर्बिया, आर्मेनिया, कुणीही समोर असो, निकाल १-०, २-१ किंवा ३-२. नशीब सलग सात वेळा एकाच मापाने येत नाही. तो संघ तसाच बांधलेला होता.

आधीचा इतिहास आठवा. १९६६ च्या विश्वचषकात युसेबिओच्या संघाला तिसरं स्थान. २००० आणि २०१२ च्या युरोत, २००६ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीतच शेवट. २००४ मध्ये तर लिस्बनमध्ये, स्वतःच्या लोकांसमोर, ग्रीसकडून फायनलमध्ये ०-१. फिगो, रुई कोस्टा, डेको यांच्यासारखे खेळाडू असूनही हाती काहीच नाही. ज्या ऑटो रेहागल यांनी ग्रीसला तो कप मिळवून दिला, त्यांच्याच जागी २०१० मध्ये सांतोस ग्रीसचे प्रशिक्षक झाले. त्याआधीही एईके, पानाथिनाइकोस, पीएओके या क्लबांमुळे ग्रीसमधला त्यांचा मोठा अनुभव होता. समोरच्याला त्याचा खेळ खेळू द्यायचा नाही, हे त्यांनी तिथे वर्षानुवर्षं करून पाहिलं होतं.

लेन्सचा क्रोएशियाविरुद्धचा सामना मी आजही प्रशिक्षणाचा नमुना मानतो. क्रोएशियाने गटात स्पेनला हरवलं होतं. सांतोस यांनी आद्रियन सिल्वाला सुरुवातीपासून खेळवून क्रोएशियाचा खेळ रचणाऱ्या मॉड्रिचच्या मागे लावलं. त्या सामन्यात गोलच्या दिशेने पहिला अचूक फटका आला ११७ व्या मिनिटाला. रोनाल्डोने मारला, गोलरक्षकाने अडवला आणि क्वारेस्माने डोक्याने आत ढकलला. बघायला कंटाळवाणा सामना, मान्य. पण त्या स्पर्धेतला सगळ्यात चांगला खेळणारा संघ त्या रात्री घरी गेला.

आकडेमोड

प्रत्येक वाक्याला माझा विरोध आहे, पण सुरुवात गटापासून करतो.

पोर्तुगाल गटात तिसरा आला होता. आधीच्या युरोसारखी १६ संघांची स्पर्धा असती तर तीन बरोबऱ्या करून ते थेट घरी गेले असते. २०१६ ला पहिल्यांदा २४ संघ आले, म्हणून तिसऱ्याला वाट मिळाली. त्यातही शेवटच्या दिवशी आइसलँडच्या ट्राउस्टासनने ऑस्ट्रियाविरुद्ध ९४ व्या मिनिटाला गोल केला, आइसलँड दुसरा आला आणि पोर्तुगाल तिसऱ्या जागी घसरला. त्या एका गोलमुळे इंग्लंड आइसलँडच्या वाट्याला आलं. पोर्तुगालच्या बाजूला राहिले क्रोएशिया, पोलंड, वेल्स. जर्मनी, इटली, फ्रान्स, इंग्लंड, स्पेन सगळे दुसऱ्या बाजूला एकमेकांना बाहेर काढत बसले.

आणि फायनल? नव्वद मिनिटं संपून भरपाईच्या वेळात फ्रान्सच्या झिन्याकचा फटका खांबाला लागून परत आला. तो दोन इंच आत पडला असता तर आज आपण सांतोस यांच्याविषयी बोललोच नसतो. खांब प्रशिक्षकाने उभा केलेला नव्हता.

सालसेतकार

आकडेमोड, तुमचा हिशेब बरोबर असेल, पण त्यात माणसं दिसत नाहीत.

मी मडगावचा. आमच्याकडे पोर्तुगालचा सामना म्हणजे घरातली गोष्ट. किती जणांची आजी-आजोबा, काका, मामा लिस्बनला आहेत, किती जणांकडे पासपोर्ट आहे, हे गोव्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. २००४ ची फायनल हरल्यावर आमच्या वाड्यावर जी शांतता होती ती मी विसरलेलो नाही. २०१६ ची फायनल आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली, म्हणजे तारीख ११ जुलै लागली होती. बरोबऱ्या होऊन सगळे टीका करत असताना सांतोस यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की मी घरी ११ तारखेलाच जाणार. आम्ही ते वाक्य धरून बसलो होतो.

आणि पंचविसाव्या मिनिटाला रोनाल्डो स्ट्रेचरवरून बाहेर. तो संघ तिथेच कोसळायला हवा होता. कोसळला नाही. पेपे त्या रात्री जसा खेळला तसा बचावपटू मी पाहिलेला नाही. रुई पात्रिसिओ एकामागून एक फटके अडवत राहिला. नानी, क्वारेस्मा, एडर, यांना लोकांनी निकालात काढलं होतं. एडरला स्वान्सीत लीगमध्ये एकही गोल करता आला नव्हता, तिथून तो लीलला गेला होता. अशा माणसाला २३ जणांत घेणं आणि फायनलमध्ये त्याच्यावर विश्वास टाकणं, हे सांतोस यांनी केलं. एडरचा १०९ व्या मिनिटाचा तो विजयी गोल त्या विश्वासाचा आहे.

नववा_नंबर

सालसेतकार, भावना समजते. मलाही त्या रात्री आनंद झाला होता. पण माझी तक्रार २०१६ बद्दल नाहीच. ती त्यानंतरच्या सहा वर्षांबद्दल आहे आणि धागाकर्त्यांनी ती वर्षं पूर्ण वगळली आहेत.

२०१६ ला पोर्तुगालकडे मर्यादित संघ होता, म्हणून तसं खेळणं योग्य होतं असं मी मानतो. पण पुढे काय आलं पाहा: बर्नार्डो सिल्वा, ब्रुनो फर्नांडिस, दिओगो जोटा, जोआओ फेलिक्स, रुबेन डियास, कान्सेलो, राफाएल लेआओ. युरोपातल्या मोठ्या क्लबांचे आधारस्तंभ. अशी फळी पोर्तुगालला याआधी मिळाली नव्हती. आणि सांतोस यांनी त्यांना खेळवलं कसं? २०१६ च्याच भीतीने.

१४ नोव्हेंबर २०२१, लिस्बन, सर्बियाविरुद्ध. थेट विश्वचषकात जायला बरोबरी पुरेशी. दुसऱ्याच मिनिटाला रेनाटो सांचेझचा गोल, आणि मग संघ मागे सरकला तो सरकलाच. टाडिचने बरोबरी साधली, ९० व्या मिनिटाला मित्रोविचने डोक्याने गोल केला. १-२. पुढे प्लेऑफमध्ये तुर्की आणि उत्तर मॅसेडोनियाला हरवून जावं लागलं. सप्टेंबर २०२२, ब्रागा, नेशन्स लीग ही युरोपीय देशांची दुसरी स्पर्धा, स्पेनविरुद्ध. पुन्हा बरोबरी पुरेशी. ८८ व्या मिनिटाला मोराटा, ०-१. दोन्ही वेळा घरचं मैदान, दोन्ही वेळा शेवटची मिनिटं. बरोबरी राखायला उतरलेला संघ बरोबरीसुद्धा राखू शकला नाही. मधली_फळी, तुमच्या त्या "एका गोलच्या फरकाचं" दुसरं टोक हे आहे. सामना शेवटपर्यंत लटकत ठेवला की तो कधी ना कधी तुमच्यावरच पडतो.

मधली_फळी

नववा_नंबर, सर्बियाचा सामना मी वाचवायला जाणार नाही, तो वाईटच होता. पण सहा वर्षं "भीतीची" होती हे मान्य नाही.

२०१९ ला पहिली नेशन्स लीग कुणी जिंकली? पोर्तुगालने. उपांत्य फेरीत रोनाल्डोच्या हॅटट्रिकवर स्वित्झर्लंड ३-१, फायनलला पोर्तोत नेदरलँड्स १-०, गोल गेदेशचा. २०२१ मध्ये खेळल्या गेलेल्या युरो २०२० मध्ये बेल्जियमकडून ०-१ हरले तेव्हा मैदानावर कोण हल्ला करत होतं? पोर्तुगाल. गुरेरोचा फटका खांबाला लागला. खांब २०१६ ला नशीब ठरतो आणि २०२१ ला प्रशिक्षकाची चूक, असं चालणार नाही.

आणि २०२२ चा विश्वचषक. कोरियाविरुद्ध बदली केल्यावर रोनाल्डोने नाराजी दाखवली. सांतोस यांनी ती आवडली नाही असं उघड सांगितलं आणि बाद फेरीच्या सामन्यात त्याला बाकावर बसवलं. पोर्तुगालच्या प्रशिक्षकासाठी यापेक्षा मोठा निर्णय नव्हता. त्याच्या जागी आलेल्या गोन्सालो रामोसने हॅटट्रिक केली. स्वित्झर्लंडवर ६-१.

नववा_नंबर

६-१ हा तर माझाच पुरावा आहे. त्या एका रात्री ब्रुनो, बर्नार्डो, फेलिक्स मोकळे धावले आणि हा संघ काय करू शकतो ते जगाला कळलं. मग त्याआधीची चार वर्षं ते का दिसलं नाही? २०१८ ला उरुग्वेकडून १-२ हरताना तोच साचा, २०२१ ला तोच साचा. रोनाल्डोला गोल करू द्या, बाकीच्यांनी मागे राहून त्याची सोय बघा. सांतोस यांना उपाय माहीत होता, त्यांनी तो वापरायला फार उशीर केला. आणि पुढच्याच सामन्यात मोरोक्कोकडून ०-१. एन-नेसिरीने ४२ व्या मिनिटाला गोल केल्यावर जवळपास अर्धा सामना हातात होता, तरी उत्तर सापडलं नाही.

व्रोत्सवाफहून

मी पोलंडमध्ये नोकरी करतो, त्यामुळे सांतोस यांचा पुढचा अध्याय जवळून पाहिला. जानेवारी २०२३ मध्ये ते आले तेव्हा ऑफिसात सगळे खूश होते, युरो जिंकलेला माणूस मिळाला म्हणून. पहिल्याच सामन्यात चेकियाविरुद्ध तीन मिनिटांत दोन गोल खाल्ले. जूनमध्ये मोल्दोवात मध्यंतराला २-० आघाडी, मिलिक आणि लेवांडोव्स्कीचे गोल, आणि शेवट २-३. मोल्दोवा तेव्हा क्रमवारीत १७१ वी होती. सप्टेंबरमध्ये अल्बानियाकडून ०-२ आणि सहा सामन्यांत नोकरी गेली. नंतर तुर्कीच्या बेसिक्तास क्लबला काही महिने, मग अझरबैजान, तिथूनही २०२५ मध्ये आइसलँडकडून ०-५ हरल्यावर बाहेर.

मला यातून एवढंच दिसतं की त्यांची पद्धत चालायला पेपे, पात्रिसिओ, विल्यम कार्वाल्हो यांच्यासारखे कसलेले लोक लागतात. पोलंडला तसा बचाव नव्हता, आणि त्यांच्याकडे दुसरी पद्धत नव्हती.

अर्धवेळ_प्रशिक्षक

मुलांना फुटबॉल शिकवतो म्हणून एक मुद्दा मांडतो. सांतोस यांची कारकीर्द बरेच जण २०१४ पासून मोजतात, तिथेच गडबड होते.

हा माणूस शिक्षणाने इंजिनिअर. एस्तोरिलसारख्या छोट्या क्लबला त्यांनी पहिल्या विभागात आणलं. १९९९ ला पोर्तोला सलग पाचवं विजेतेपद दिलं, आणि तो संघ भेकड नव्हता. एकट्या जार्देलने त्या हंगामात लीगमध्ये ३६ गोल केले. पुढची दोन वर्षं लीग हातातून गेली, एकदा स्पोर्टिंगकडे आणि एकदा बोआविस्ताकडे. पोर्तो, स्पोर्टिंग, बेन्फिका या तिन्ही मोठ्या क्लबांना प्रशिक्षण देणारे फार थोडे आहेत, त्यात ते आहेत. ग्रीसला २०१४ मध्ये पहिल्यांदा विश्वचषकाच्या बाद फेरीत नेलं ते त्यांनीच. जपानविरुद्ध दहा खेळाडूंनी ०-० टिकवलं, आयव्हरी कोस्टविरुद्ध भरपाईच्या वेळात समारासच्या पेनल्टीवर जिंकले.

म्हणजे हाती जार्देल असेल तर ते हल्ला करतात, हाती ग्रीस असेल तर बचाव. माझी अडचण नववा_नंबर यांच्यासारखीच आहे: २०१८ नंतर हाती काय आहे ते त्यांनी पुन्हा नीट पाहिलं नाही. २०१६ मध्ये यश मिळालं आणि तीच घडी कायमची झाली. वयाच्या साठीनंतर मिळालेलं यश सोडवत नाही, हे मी आमच्या वर्तुळातही पाहतो.

आकडेमोड

आणि पोर्तुगालला सांतोस यांच्यानंतर मार्टिनेझ आले, जून २०२५ ला म्युनिकमध्ये जर्मनीला पिछाडीवरून २-१ हरवलं, मग फायनलला स्पेनविरुद्ध दोनदा मागे पडूनही २-२ करून पेनल्टींवर नेशन्स लीग जिंकली. जवळपास तीच पिढी, तोच रोनाल्डो, वय चाळीस. मागे पडल्यावर पुढे येणारा पोर्तुगाल सांतोस यांच्या काळात बाद फेरीत कधी दिसला?

मधली_फळी

३० जून २०१६, मार्से, पोलंडविरुद्ध उपांत्यपूर्व फेरी. दुसऱ्याच मिनिटाला लेवांडोव्स्कीचा गोल. सांतोस यांनी त्या सामन्यात १८ वर्षांच्या रेनाटो सांचेझला सुरुवातीपासून उतरवलं होतं, आणि ३३ व्या मिनिटाला बरोबरीचा गोल त्यानेच केला. पेनल्टींवर पाचही पोर्तुगीजांनी गोल केले, शेवटची क्वारेस्माने. फायनलला ७९ व्या मिनिटाला ०-० असताना त्याच सांचेझला बाहेर काढून त्यांनी मधल्या फळीतला एक माणूस कमी केला आणि एडर हा आघाडीवीर आत आणला. बरोबरी राखायला बसलेला प्रशिक्षक ही बदली करत नाही. मार्टिनेझ यांच्याबद्दल मला आदर आहे, पण २०२४ च्या युरोत तेही जॉर्जियाकडून ०-२ हरले, फ्रान्सविरुद्ध १२० मिनिटांत एक गोल करू शकले नाहीत, आणि रोनाल्डोला त्यांनी एकदाही बाकावर बसवून बाद फेरी खेळली नाही.