२१४७४८३६४७ प्राइम (मूळ संख्या) आहे हा निव्वळ योगायोग का?

बिटकिडा:
कॉम्प्युटरमधल्या ३२ बिटच्या साइन्ड इंटिजरची (अधिक-उणे चिन्हासकट पूर्णांकाची) कमाल किंमत २१४७४८३६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, हे तर पाठच झालंय, पण हा आकडा प्राइमपण आहे हे आत्ता कुठे कळलं. मुद्दाम ठेवलाय की आपोआप जुळलंय? आणि गणितज्ञ ऑयलरने म्हणे १७७२ मध्येच सिद्ध केलं होतं, कॅल्क्युलेटरशिवाय एवढे भागाकार केले कसे त्याने??

शेषराव:
आपोआपच रे. एक बिट चिन्हात गेला की ३१ उरतात आणि ३१ स्वतः प्राइम, म्हणून निदान चान्स तरी होता. घातांक फुटला की आकडा फुटलाच समज. १६ बिटला १५ उरतात, १५ = ३ × ५, म्हणून ३२७६७ = ७ × ३१ × १५१. ६४ बिटला ६३ उरतात, तिथेही ७ ने भाग जातो. आणि घातांक प्राइम असला म्हणजे झालं असंही नाही हं, ११ घेऊन बघ, २०४७ = २३ × ८९.

गणितवेडी:
ऑयलरचं सांगते. वरच्या २३ आणि ८९ ला २२ ने भागा, दोन्हीकडे बाकी १. हा नियमच आहे, घातांक ११ तर प्रत्येक अवयवाला त्याच्या दुपटीने, म्हणजे २२ ने भागल्यावर बाकी १ च येणार, घातांक ३१ असेल तर ६२ ने. शिवाय ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की अवयव २४८क + १ किंवा २४८क + ६३ असाच हवा, आणि तपासायचं फक्त वर्गमूळापर्यंत, ते ४६३४० च्या जरासं पुढे, म्हणजे उमेदवार पावणेचारशेसुद्धा नाहीत, त्यातले प्राइम तेवढेच तपासायचे. तरी कमालच, कारण तोवर त्याला जवळजवळ दिसत नव्हतं.

शेषराव:
आता तर एवढे भागाकारही नकोत, लुकास-लेहमर टेस्ट आहे ना. ४ पासून सुरू, वर्ग करा, २ वजा करा, बाकी घ्या, घातांकापेक्षा २ कमी वेळा, शेवटी ० आलं की प्राइम. १२७ साठी (घातांक ७) ४, १४, ६७, ४२, १११, ०. पाच पायऱ्यांत खेळ खलास! ३१ ला २९ लागतात.

बिटकिडा:
भारी!! पण ३१ हासुद्धा २ चा ५ वा घात वजा १ च की, मग घातांकातच २१४७४८३६४७ टाकला तर? तोपण प्राइम निघेल ना?

गणितवेडी:
नाही निघत. ३, ७, १२७ अशी साखळी (आधीचा आकडा पुढच्याचा घातांक) छान चालते म्हणून सगळ्यांना तसंच वाटतं, पण २ चा २१४७४८३६४७ वा घात वजा १ या आकड्याला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो. अख्खा आकडा लिहायला गेलास तर ६४ कोटींच्या वर अंक होतील, आणि अवयव बघ केवढासा, फक्त १५ अंकी. तोही त्याच साच्यातला, २ × ६८७४५ × २१४७४८३६४७ + १, करून बघ.